आकृतीचा वारसा, प्रवाहाची साक्ष: लघु अणुकेंद्रीय टकरींच्या इतिहासातील एक तौलनिक प्रश्न

दोन गोष्टींत साम्य आढळले की ते कोठून आले, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाला टाळता येत नाही. ते दोहोंच्या समान पूर्वजाकडून आलेले असेल, नंतरच्या परस्परसंपर्कातून घडलेले असेल किंवा निव्वळ योगायोगही असेल. १९५८ साली चॅपेल हिल येथील परिषदेत रेने वेलेक यांनी उगमस्थाने आणि प्रभाव यांच्या हिशेबवहीला तौलनिक साहित्य समजणाऱ्यांवर कठोर टीका केली. तेव्हापासून या प्रश्नाची चर्चा अखंड चालू आहे. पण साम्याचे मूळ कोणते हे ठरवण्याचा पुरावा कसा असावा, याविषयी आपली चर्चा बहुधा अंतःप्रेरणेवर सोडून दिलेली असते. प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न साहित्याबाहेरील एका क्षेत्रात कसा उभा राहिला, त्याचा निवाडा करण्यासाठी कोणत्या युक्त्या योजल्या गेल्या आणि तो निवाडा कितपत टिकला, याचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे. ते क्षेत्र म्हणजे अतिवेगवान अणुकेंद्रांच्या टकरींचे भौतिकशास्त्र. त्यातील ‘सामूहिक प्रवाह’ या कल्पनेच्या घडणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा लक्षणीय वाटा आहे, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

प्रथम मूळ कल्पना. सोन्याची दोन अणुकेंद्रे प्रकाशाच्या जवळपास वेगाने समोरासमोर आणली की त्या वेगामुळे ती गतीच्या दिशेने चपटी झालेली भासतात. न्यूयॉर्कजवळील ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील कमाल ऊर्जेला हे चपटेपण सुमारे शंभरपट असते. दोन्ही चकत्या बरोबर एकमेकींवर आदळल्या नाहीत, थोड्या सरकून आदळल्या, तर त्यांचा सामाईक भाग बदामाच्या आकाराचा होतो. या बदामातील द्रव्याचे पुढे काय होते, यावर सारे अवलंबून आहे. तेथे निर्माण झालेले कण एकमेकांशी काहीही संबंध न ठेवता निघून गेले, तर ते सर्व दिशांना सारख्याच संख्येने जातील आणि बदामाचा आकार मागे कोणतीही खूण न ठेवता विरून जाईल. उलट ते कण एकमेकांना ढकलत, अडवत, एका दाट द्रवासारखे प्रसरण पावले, तर बदामाच्या आखूड बाजूकडे दाबातील उतार अधिक तीव्र असल्यामुळे त्या बाजूला अधिक कण अधिक वेगाने फेकले जातील. आरंभीची लांबट आकृती अशा रीतीने अखेरीस कणांच्या दिशांमध्ये, आडवी होऊन, उमटते. या उमटण्याला लंबवर्तुळी प्रवाह म्हणतात. आकृती स्वतः डोळ्यांना कधीच दिसत नाही. प्रवाह हीच तिची साक्ष.

ही गोष्ट समजण्यासाठी वेगवर्धकापर्यंत जाण्याची गरज नाही. नवी दिल्ली स्थानकाच्या पहाडगंजकडील बाजूला लांब पल्ल्याची गाडी रिकामी होत असताना थोडा वेळ उभे राहिले तरी पुरे. दाटी असेल तर कोणाही प्रवाशाची वाट त्याच्या स्वतःच्या इच्छेने ठरत नाही. शेजारच्याचा खांदा, मागच्याची पेटी आणि दरवाज्याची रुंदी ती ठरवते. बाहेर पडणाऱ्या लोंढ्याकडे पाहून दरवाज्याचा आकार जवळजवळ सांगता येतो. पहाटे एखाद्या गाडीतून दहाबाराच उतारू आले तर मात्र एक मेन बाजाराकडे वळतो, दुसरा मेट्रोकडे, तिसरा चहाच्या टपरीकडे. दरवाजा तोच असतो, पण त्याची खूण कोणाच्याही वाटेवर राहत नाही. आता समजा, हे दहा उतारू एकाच गावची यात्रेकरू मंडळी आहेत आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले. दुरून पाहणाऱ्याला तोही प्रवाह वाटेल. पण तो दाटीतून घडलेला नाही. गावाहून निघतानाच ठरलेला आहे. लघु टकरींचा सगळा वाद या तीन दृश्यांमध्ये सामावला आहे. किती माणसांचा जमाव होतो? आणि थोड्यांचे एकमार्गी चालणे जमावाच्या रेट्यामुळे आहे की आधीच्या संकेतामुळे?

गंमत अशी, की द्रवाची कल्पना या विषयात मोठ्या अणुकेंद्रांच्या निमित्ताने आलेलीच नाही. ती आली सर्वांत लहान टकरींसाठी. विश्वकिरणांतील एखादा अतिशक्तिमान कण दुसऱ्या कणावर आदळला की एकाच वेळी अनेक मेसॉन कसे जन्माला येतात, हे कोडे १९५०च्या सुमारास सर्वांना सतावत होते. त्या वर्षी एन्रीको फेर्मी यांनी, टक्कर झालेल्या इवल्याशा जागेत ऊर्जेची संख्याशास्त्रीय वाटणी होते असे मानून एक उपपत्ती दिली. १९५३ साली लेव्ह लांदाऊ यांनी तिच्यात दुरुस्ती केली: ती जागा नुसती तापत नाही, ती द्रवासारखी वाहते. त्याच वर्षी होमी भाभा यांनीही मेसॉनांची निर्मिती आणि क्षेत्रातील ऊर्जेचे स्थानिकीकरण यांविषयीचा निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. टाटा संस्थेची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि कुलाब्याची आजची वास्तू उभी राहायची होती. पण विश्वकिरणांच्या टकरी छायाचित्रणाच्या जाड लेपावर टिपण्याचे काम तेथे जोमात होते. दोनच कणांच्या टकरीला द्रव म्हणणे हे त्या काळी विशेष धाडसाचे मानले गेले नाही. १९७०नंतर क्वार्कांचा सिद्धांत स्थिरावला आणि प्रोटॉनांची टक्कर म्हणजे त्यांच्या आतील सुट्या घटकांच्या टकरी, असे वाचन रूढ झाले. द्रवाची भाषा मोठ्या अणुकेंद्रांच्या वाट्याला गेली. साठ वर्षांनी ती भाषा पुन्हा प्रोटॉनकडे परतली तेव्हा अनेकांना ती धक्कादायक वाटली. विद्याशाखांनाही विस्मरण असते.

मोठ्या अणुकेंद्रांतील प्रवाहाची पहिली निःसंदिग्ध खूण १९८४ साली बर्कली येथील प्रयोगात मिळाली. १९९२ साली झां-ईव्ह ओलित्रो यांनी असे मांडले, की टकरीच्या आडव्या प्रतलातील कणांची दिशाविषमता हाच सामूहिक प्रवाहाचा उत्तम निकष ठरेल. २००० साली ब्रुकहेवनचा ‘रिक’ हा वेगवर्धक सुरू झाला आणि त्याच वर्षी लंबवर्तुळी प्रवाह मोजला गेला. तो द्रवगणिताच्या अपेक्षेच्या जवळ जाणारा निघाला. एप्रिल २००५ मध्ये प्रयोगशाळेने जाहीर केले, की क्वार्क आणि ग्लुऑन यांचे हे द्रव्य वायूसारखे विरळ नसून जवळजवळ परिपूर्ण द्रव आहे, म्हणजे त्याची श्यानता अत्यल्प आहे.

येथे मराठी परिभाषेविषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘प्लाझ्मा’ या शब्दासाठी मराठी विश्वकोशाने ‘आयनद्रायू’ हा पर्याय स्वीकारला आहे. द्रव आणि वायू या दोहोंना सामावणारा ‘द्रायू’ हा शब्द मराठी परिभाषाकारांनी मोठ्या चातुर्याने घडवला. प्रवाही असणे हा त्याचा अर्थच आहे. त्यामुळे ‘क्वार्क-ग्लुऑन आयनद्रायू’ असे मराठीत म्हटले की ते द्रव्य वाहते, हा निष्कर्ष नावातच उरकलेला असतो. आणि २००५ सालचे आश्चर्य, म्हणजे वायू अपेक्षित असताना द्रव सापडणे, या शब्दात मुळी व्यक्तच होऊ शकत नाही. इंग्रजी संज्ञेत वाहण्याची हमी नाही, म्हणून तेथे ते सिद्ध करावे लागले. भाषांतरित संज्ञा कधी कधी मूळ वादातील एका पक्षाची बाजू नकळत घेते, याचे हे बोलके उदाहरण आहे. या निबंधात म्हणूनच मी ‘द्रव्य’ हा उदासीन शब्द पसंत केला आहे.

आता मुंबईकडे वळू. प्रवाह मोजणे म्हणजे कणांच्या दिशांमधील सहसंबंध मोजणे. पण सहसंबंध अनेक कारणांनी निर्माण होतो. एखादा अल्पजीवी कण विघटित होऊन दोन कण झाले तर ती भावंडे जवळपास एकाच दिशेने जातात. एखाद्या वेगवान क्वार्कापासून कणांचा एक झोत निघाला तर झोतातील सारे कण एकमेकांशी संबद्ध असतात. या कौटुंबिक साम्याचा आणि बदामाच्या आकृतीचा काहीही संबंध नसतो. हजारो कणांच्या टकरीत अशा जोड्या गर्दीत बुडून जातात. कण जितके कमी, तितका कुटुंबाचा आवाज मोठा. यावर २००१ साली बोर्गिनी, दिन्ह आणि ओलित्रो यांनी उपाय सुचवला, की जोड्या न पाहता एका वेळी चार, सहा, आठ कण घ्यावेत आणि लहान गटांतून येणारा सहसंबंध क्रमाने वजा करावा. चार भावंडे एका घरात असू शकतील. पण साऱ्या गावाचा कल एकच दिसला तर त्याचे कारण घराबाहेर शोधले पाहिजे.

याच विचाराचे टोक टाटा संस्थेतील राजीव भालेराव यांनी बोर्गिनी व ओलित्रो यांच्यासह २००३ साली गाठले. ली आणि यांग या दोन शास्त्रज्ञांनी १९५२ साली द्रव्याच्या अवस्थांतराचा अभ्यास करताना एक गणिती युक्ती वापरली होती: विशिष्ट फलाची शून्ये कोठे पडतात हे पाहून संपूर्ण समूहाचे वर्तन ओळखायचे. भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती युक्ती कणांच्या दिशांना लावली. चार किंवा आठ नव्हे, टकरीतील सर्व कणांचा सहसंबंध एकदम हाती यावा, अशी ही रीत आहे. त्यांच्या दुसऱ्या, २००४ सालच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सामूहिक प्रवाह’ या शब्दांआधी ‘अस्सल’ अशा अर्थाचे विशेषण आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्या विशेषणाकडे जरा थांबून पाहावे. अस्सल आणि नक्कल यांचा भेद भौतिकशास्त्राच्या शीर्षकात सहसा येत नाही. तो येथे आला, कारण सामूहिकतेचा नुसता आभास देणारे साम्य किती सहज निर्माण होते, हे त्या लेखकांनी ओळखले होते.

२००५ साली, परिपूर्ण द्रवाच्या घोषणेचा उत्साह ऐन भरात असताना, भालेराव, ब्लेझो, बोर्गिनी आणि ओलित्रो यांचा एक सावध निबंध प्रसिद्ध झाला. उपलब्ध मोजमापे पूर्ण औष्णिक समतोलाशी जुळत नाहीत, समतोल अपुरा राहिला असावा, असे त्यात प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी वापरलेला मापदंड साधा आहे. अखेरचा प्रवाह आरंभीच्या आकृतीच्या विमध्यतेने भागायचा आणि येणारी संख्या समूह लहानमोठा होत जाताना कशी बदलते ते पाहायचे. समतोल पूर्ण असेल तर ती स्थिर राहील. अपुरा असेल तर लहान समूहात ती घटेल. म्हणजे आकृती प्रवाहात उतरण्याचे प्रमाण समूहाच्या आकारमानावर अवलंबून राहील. तांब्यासारख्या लहान अणुकेंद्रांच्या टकरींविषयीचा विचार तेथे आलाच. प्रत्यक्षात तांब्याच्या टकरींतील प्रवाह अपेक्षेहून मोठा निघाला, विशेषतः अगदी समोरासमोरच्या टकरींत, जेथे आकृती गोल असल्याने प्रवाह जवळपास नसावा. याचे कारण ‘फोबोस’ या प्रयोगातील संशोधकांनी दाखवले: अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉन दर टकरीत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे सरासरीत गोल असलेली आकृती प्रत्येक प्रसंगी वाकडीतिकडीच असते. २००६ साली भालेराव आणि ओलित्रो यांनी या विमध्यतेच्या चढउतारांचा हिशेब मांडला. २०१० साली अल्वर आणि रोलँड यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. आकृती वाकडी असेल तर ती त्रिकोणीही असू शकते आणि तिचा त्रिकोणी प्रवाह मोजता आला पाहिजे. तो मोजता आला. सरासरी काढताना जे अपवाद म्हणून पुसले जात होते तेच माहितीचे मुख्य साधन ठरले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लघु टकरींचे प्रकरण खऱ्या अर्थाने उघडले. जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत, लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील ‘सीएमएस’ प्रयोगाने प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतून, ज्यांत शंभराहून अधिक विद्युत्‌भारित कण निघाले अशा विरळ टकरी वेगळ्या काढल्या. टाटा संस्था आणि दिल्ली विद्यापीठ हे दोन्ही या प्रयोगाचे सहभागी आहेत. त्या टकरींत, पुढे-मागे एकमेकांपासून फार दूर गेलेल्या कणांच्या आडव्या दिशा जुळत होत्या. आलेखावर हे साम्य एका लांबलचक धारेसारखे दिसते, सह्याद्रीच्या माथ्यावरून पाहावी तशी. दूर अंतरावरचे हे साम्य भावंडांचे किंवा झोताचे असू शकत नाही. शिवाय सोन्याच्या टकरींत अशीच धार दिसली होती आणि तेथे तिचा अर्थ प्रवाह असा लावला गेला होता. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर, सोन्याच्या अणुकेंद्राची सुमारे सात. एवढ्याशा जागेत द्रव कसा मावणार? २०१२ अखेर प्रोटॉन आणि शिसे यांच्या टकरींतही धार सापडली, आणि लवकरच ‘अ‍ॅलिस’ व ‘अ‍ॅटलस’ या प्रयोगांनी दाखवले, की ती एका बाजूला नसून दोन्ही बाजूंना आहे. ‘अ‍ॅलिस’मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचाही सहभाग आहे. २०१५ साली ‘सीएमएस’ने प्रोटॉन-शिसे टकरींत चार, सहा आणि आठ कणांच्या रीतींनी प्रवाह मोजला, आणि त्याबरोबर ली-यांग शून्यांच्या रीतीनेही. चारही उत्तरे जवळपास सारखी आली. बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या सहभागाने मोठ्या टकरींसाठी सिद्ध केलेले हत्यार नेमक्या त्या ठिकाणी उपयोगी पडले जेथे त्याची सर्वाधिक गरज होती.

पण सर्व कण एका लयीत आहेत हे सिद्ध झाले तरी मूळ प्रश्न संपत नाही. पहाडगंजच्या यात्रेकरूंची आठवण येथे ठेवावी. एका पक्षाचे म्हणणे असे, की प्रोटॉनच्या टकरीतही द्रव्य वाहते आणि ही लय त्या वाहण्यातून येते. दुसऱ्या पक्षाचे, ज्यात राजू वेणुगोपालन आणि त्यांचे सहकारी अग्रणी होते, म्हणणे असे की अतिवेगवान प्रोटॉनच्या आत ग्लुऑनांचे दाट क्षेत्र असते. त्यातून निघणारे कण जन्मतःच परस्परसंबद्ध असतात. लय प्रवासात मिळवलेली नाही, घरूनच आणलेली आहे. दोन्ही पक्षांची गणिते आलेखावरील धार समाधानकारकपणे रेखाटू शकत होती. अंतिम साम्य कितीही अचूक मोजले तरी या दोहोंत निवड होत नव्हती. वेलेक यांनी प्रभाव-अभ्यासाविषयी जी अस्वस्थता प्रकट केली तिच्याहून ही अडचण फार वेगळी नाही. फरक एवढाच, की येथे दोन्ही पक्षांनी आपापले म्हणणे आकड्यांत मांडल्याने ते खोडून काढता येण्याजोगे होते.

अडचणीतून निघालेली वाट अशी: अंताकडे पाहणे पुरे, आता आरंभ बदला. लय आकृतीतून येत असेल तर आकृती बदलताच ती बदलली पाहिजे. जन्मजात असेल तर तिने आकृतीची पर्वा करण्याचे कारण नाही. ‘रिक’ वेगवर्धकात हे शक्य होते, कारण तेथे वेगवेगळी अणुकेंद्रे धावू शकत. सोन्यावर प्रोटॉन आदळला तर सामाईक भाग साधारण गोल. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. तो आदळला तर दोन ठिपक्यांची लांबट आकृती. हीलियम-३ मध्ये तीन कण, तेथे त्रिकोण. ड्यूटेरॉनची मोजमापे २००८ सालापासूनच हाती होती. २०१४ मध्ये हीलियम-३ आणि २०१५ मध्ये प्रोटॉन सोन्यावर सोडण्यात आले. ‘फीनिक्स’ गटाचे फलित २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. लंबवर्तुळी प्रवाह ड्यूटेरॉन आणि हीलियममध्ये मोठा, प्रोटॉनमध्ये लहान. त्रिकोणी प्रवाह हीलियममध्ये मोठा, इतर दोहोंत लहान. द्रवगणिताने सांगितलेली उतरंड हीच होती. आरंभीच्या आकृत्यांची नक्कल अंतिम दिशांमध्ये उतरली होती.

निबंध येथे संपवणे सोयीचे झाले असते. परंतु त्याच वेगवर्धकावरील ‘स्टार’ गटाने २०२३ साली आपली मोजमापे प्रसिद्ध केली. लंबवर्तुळी प्रवाहाची उतरंड त्यांनाही दिसली; त्रिकोणी प्रवाह मात्र तिन्ही टकरींत सारखाच आला. हीलियमच्या त्रिकोणाला काही खास मान नव्हता. दोन गटांच्या मापनात एक महत्त्वाचा भेद होता. ‘फीनिक्स’ने तुलनेसाठी घेतलेले कणसमूह टकरीच्या रेषेवर एकमेकांपासून दूर होते, ‘स्टार’चे त्या मानाने जवळ. जवळच्या समूहांत भावंडांचे साम्य अधिक शिरते, आणि दूरच्यांमध्ये खुद्द आकृतीच रेषेच्या लांबीवर बदलत गेलेली असू शकते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. हीलियमची आकृती त्रिकोणी, हे आपण तीन गुळगुळीत ठिपके कल्पून म्हणतो. प्रत्येक प्रोटॉनच्या आतही क्वार्क-ग्लुऑनांचे उंचवटे असतील, तर त्या खडबडीतून तिन्ही टकरींत सारखाच त्रिकोणीपणा निर्माण होईल आणि तीन ठिपक्यांचा त्रिकोण त्यात हरवेल. याचा अर्थ असा, की ज्या आरंभाशी आपण अंताची तुलना करत होतो तो आरंभही कोणी पाहिलेला नाही; तोही एक रचित पाठ आहे. दोन्ही मापने आपापल्या जागी खरी असतील आणि तरीही प्रश्न ‘कोणता आरंभ?’ असाच उरेल. मला या प्रकरणातील हा टप्पा सर्वांत बोधक वाटतो. आणि विज्ञानलेखनात तो बहुधा गाळला जातो, याचे वाईटही वाटते.

आपल्या क्षेत्रात आरंभ बदलण्याची सोय नसते, असे म्हटले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. पहाडगंजचेच उदाहरण घेऊ. नावातला पहाड आता बाजाराच्या गजबजीत सापडत नाही, पण आरामबागेतील नूतन मराठी शाळेमुळे दिल्लीच्या मराठी माणसाला हा भाग आपला वाटतो. समजा, दिल्लीत वाढलेले एखादे मराठी मूल ‘मी अभ्यास करून राहिलो’ असे म्हणाले. हा प्रयोग हिंदीच्या वळणाचा आहे, हे उघड आहे. पण तो दिल्लीच्या हिंदीने घडवला, की आजोबांनी नागपुराहून आणला? वऱ्हाड-नागपूरकडच्या बोलीत तो पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. नुसत्या रूपाकडे पाहून याचे उत्तर मिळणार नाही. असे हजार प्रयोग जमवले तरी मिळणार नाही. उत्तराची शक्यता निर्माण होते ती आरंभ वेगळा असलेली घरे शेजारी ठेवल्यावर. कोकणातून, पुण्याहून, ग्वाल्हेरहून, नागपुराहून आलेल्या कुटुंबांतील मुले हा प्रयोग सारख्याच प्रमाणात करतात, की मूळ गावानुसार उतरंड दिसते? सारख्या प्रमाणात करत असतील तर दाटीचा, म्हणजे दिल्लीचा, परिणाम. उतरंड असेल तर वारसा. आणि ‘स्टार’च्या मापनाने दिलेला इशाराही येथे लागू आहे: ग्वाल्हेरच्या घराचा आरंभ शुद्ध मराठी होता असे गृहीत धरता येणार नाही, कारण तेथे हिंदी आधीच घरात आलेली होती.

साहित्याच्या इतिहासातही असे तपासता येते. मराठी लघुअनियतकालिकांच्या चळवळीचे अमेरिकी बीट कवींशी असलेले साम्य वारंवार सांगितले जाते, आणि अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात होते हा पुरावा जोडीला दिला जातो. परंतु ‘शब्द’ हे अनियतकालिक १९५४ सालीच सुरू झाले होते. हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्या कवींच्या या गटाला ‘प्रवाह’ म्हणावे का, आणि म्हणायचे तर त्याची आरंभीची आकृती कोठे शोधावी, हे प्रश्न संपर्काच्या तारखांनी सुटत नाहीत. शिशिरकुमार दास यांनी भारतीय साहित्याचा इतिहास लिहिताना, एकच घटना एका भाषेत आधी आणि दुसरीत नंतर प्रकट होते याकडे लक्ष वेधले होते. ती दृष्टी पुढे न्यायची तर मराठी, बंगाली आणि हिंदी येथील साठोत्तरी लघुगट एकत्र ठेवून, ज्यांचा विदेशी संपर्क सारखा पण स्थानिक आरंभ भिन्न होता, अशांची उतरंड लावावी लागेल.

दरम्यान ‘प्रवाह’ या शब्दाचा अर्थ भौतिकशास्त्रातही सैल झाला आहे. द्रव म्हणवण्यासाठी प्रत्येक कणाने इतरांशी पुष्कळदा टक्कर घेतली पाहिजे, अशी जुनी अट होती. नंतरच्या गणितांत असे आढळले, की लहान समूहात कण सरासरी एकदोनदाच आदळला तरी, किंवा आखूड बाजूने निसटणे केवळ सोपे असले तरी, दिशाविषमता निर्माण होते. समतोलापासून दूर असतानाही द्रवगणित बऱ्यापैकी चालते, हेही ध्यानात आले. मग वाहणे म्हणजे नेमके काय? शिवाय मोठ्या टकरींत दाट द्रव्यातून जाताना वेगवान कणांचे झोत क्षीण होतात. प्रोटॉन-शिसे टकरींत प्रवाह दिसतो पण ही क्षीणता सापडली नाही. एक साक्षीदार द्रव होता म्हणतो, दुसरा म्हणतो मला काहीच आढळले नाही. प्रवाहवादी लेखनात या दुसऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी पुरेशी झाली, असे मला वाटत नाही.

जुलै २०२५ मध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रथमच ऑक्सिजनवर ऑक्सिजन आणि नीऑनवर नीऑन आदळवण्यात आले. ही निवड विचारपूर्वक होती. ऑक्सिजनच्या अणुकेंद्रात १६ कण, नीऑनच्यात २०; आकारमानात दोघे शेजारी. आकृतीत मात्र भेद आहे: ऑक्सिजन बराचसा गोल, तर नीऑन लांबट, ऑक्सिजनच्या गोळ्याला एका टोकाशी हीलियमचा लहान गोळा चिकटवावा तसा. ‘रिक’वरील चाचणीत तिन्ही प्रक्षेपक एकाच मोठ्या सोन्यावर आदळत होते, येथे दोन्ही बाजू सारख्या, आणि ज्या आकृतीची तुलना करायची ती कमी ऊर्जेच्या अणुकेंद्रीय भौतिकीने स्वतंत्रपणे तपासलेली. द्रवगणिताचे भाकीत मोजणीआधीच प्रसिद्ध झाले होते: समोरासमोरच्या टकरींत नीऑनचा लंबवर्तुळी प्रवाह ऑक्सिजनपेक्षा थोडा अधिक असावा. ‘अ‍ॅलिस’, ‘अ‍ॅटलस’ आणि ‘सीएमएस’ या तिन्ही प्रयोगांच्या मोजमापांत तो तसा आढळला. ऑक्सिजनच्या टकरींत वेगवान कणांच्या क्षीणतेची खूणही ‘सीएमएस’ने नोंदवली आहे, म्हणजे सोळा कणांच्या अणुकेंद्रापर्यंत दोन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले आहेत. त्याच्या खाली, प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतो तेथे, धार अजून तशीच उभी आहे, आणि तिच्या मागची आकृती स्वतंत्रपणे जाणून घेण्याचे नीऑनसारखे साधन तेथे उपलब्ध नाही. लांदाऊंनी १९५३ साली द्रवाची कल्पना मांडली ती याच टकरीसाठी.